दाढांची कानस आणि तिची निगा

मृग नक्षत्र तोंडावर आले की वऱ्हाडातील खेड्यांत लोहाराच्या भट्टीपुढे गर्दी होऊ लागते. वखराची पास, डवऱ्याची पास, नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी अशी सारी हत्यारे पाजवून घेतली जातात. ट्रॅक्टरचा वापर वाढला असला तरी डवरणीसाठी बैलजोडी आजही अनेक शेतांत लागते. बोथट पास जमिनीवरून घसरते, तण सुटत नाही आणि बैल मात्र दमतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच बैलाच्या तोंडात उपचारासाठी जी कानस घातली जाते, ती धारदार आहे की बोथट, स्वच्छ आहे की गंजलेली, याची चौकशी शेतकरी करीत नाही, गावपातळीवरील कार्यकर्ता करीत नाही, आणि पुष्कळदा ज्याच्या हाती ती असते तोही करीत नाही. दंतोपचाराची हत्यारे हा विषय लहान वाटतो. तथापि कामाच्या ऐन दिवसांत बैल चारा टाकून बसला म्हणजे हा लहान विषय किती महाग पडतो, हे अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सांगण्याची गरज नाही.

दाढा घासण्याची गरज का पडते

पूर्ण वाढ झालेल्या गायी-बैलाच्या तोंडात ३२ दात असतात. त्यांपैकी आठ पुढचे दात केवळ खालच्या जबड्यात असतात. वरच्या जबड्यात त्यांच्या जागी दात नसून कठीण गादी असते. उरलेल्या २४ दाढा होत. बाजारात बैल पाहताना आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला अशी जी परीक्षा होते ती या पुढच्या आठ दातांची. मागच्या दाढा कोणी पाहत नाही आणि त्या सहज दिसतही नाहीत. पण चाऱ्याचे बारीक पीठ करण्याचे काम त्यांचेच असते आणि रवंथही त्यांच्याच बळावर चालतो.

जनावराचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि चावताना खालचा जबडा आडवा फिरतो. यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड व खालच्या दाढांची आतली कड पुरेशी झिजत नाही. वय वाढले, एखादी दाढ पडली किंवा दुखऱ्या बाजूने चावणे बंद झाले, म्हणजे या कडा सुरीसारख्या तीक्ष्ण होतात. वरची कड गालाला कापते, खालची कड जिभेला कापते. घोड्यांच्या मानाने गुरांमध्ये हा दोष कमी आढळतो. परंतु उतार वयाच्या बैलांत व म्हशींत तो दुर्लक्ष करण्याइतका विरळ नाही.

त्याची लक्षणे गोठ्यातच दिसतात. जनावराला भूक असते, ते चाऱ्याला तोंड लावते, पण चावता चावता अर्धवट ओला बोळा खाली टाकते. ते मान वाकडी करून एकाच बाजूने चावते. शेणात ज्वारीचे किंवा सरकीचे अख्खे दाणे दिसतात, तोंडाला दुर्गंधी येते, लाळ गळते आणि जनावर हळूहळू खंगत जाते. अनेक घरी आज कडब्याची जागा सोयाबीन व तुरीच्या कुटाराने घेतली आहे. तोंडात जखम असलेले जनावर असे कोरडे, टोचणारे कुटार टाळते आणि ओली ढेप तेवढी खाते. शेतकरी समजतो की बैलाला चव लागली आहे. वास्तविक त्याला दुखत असते.

हात घालण्यापूर्वी

येथे एक इशारा अगत्याचा आहे. लाळ गळणारे प्रत्येक जनावर दाढांचे दुखणेकरी नसते. लाळ्या-खुरकूत रोगातही लाळ गळते आणि तोंडात फोड येतात. बाभळीचा काटा जिभेत रुतला असला तरी लाळ गळते. सर्वांत भयंकर म्हणजे पिसाळलेले कुत्रे चावल्यामुळे होणारा रोग. त्यात जनावराला गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, वागणूक बदलते आणि लाळेतून रोगाचे विष पसरते. घशात काही अडकले असेल या समजुतीने अशा जनावराच्या तोंडात हात घालणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो. म्हणून गिळता न येणाऱ्या व लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात शेतकऱ्याने किंवा सालदाराने हात घालू नये. चुकून लाळ जखमेला अथवा डोळ्यातोंडाला लागलीच, तर ती जागा वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. जखमेला साबणही लावावा. त्यानंतर लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

दुसरी गोष्ट गालाच्या आतील मांसल काट्यांची. गायी-म्हशींच्या गालाच्या आतल्या बाजूस टोकदार काटे असतात. ते नैसर्गिक आहेत आणि चारा तोंडात धरून ठेवण्यास मदत करतात. तो रोग समजून काटे कापणे किंवा खरवडणे हे अज्ञान होय.

दाढा घासणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या साहाय्यकांनी राज्य शासनाने ठरविलेल्या किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली द्यावयाच्या असतात. लोहाराकडील लोखंड घासण्याची किंवा सुताराकडील लाकूड तासण्याची कानस घेऊन घरच्या घरी हा उद्योग करणे कायद्यात बसत नाही आणि जनावराच्या हिताचेही नाही.

बोथट हत्याराचे दुष्परिणाम

दंतोपचाराच्या पेटीत साधारणतः चार प्रकारची साधने असतात : लांब दांड्याची कानस, तोंड उघडे धरणारे साधन म्हणजे दवाखान्यातील माउथ गॅग, दाढ धरण्याचे वा तोडण्याचे चिमटे, आणि छिन्नी. यांपैकी कानशीचा उपयोग सर्वांत अधिक होतो आणि हयगयही तिचीच सर्वांत अधिक होते.

कानशीची पाती तीक्ष्ण असली म्हणजे थोड्याच हातांत दाढेची धारदार कड उतरते व पशुवैद्यक थांबू शकतो. पाती बोथट असली म्हणजे जोर लावावा लागतो. जोर लावला की कानस घसरते व हिरडी, टाळू अथवा जीभ फाटते. वेळ वाढतो, घर्षणाने दाढ तापते आणि जनावर खोड्यात उसळ्या मारू लागते. एकदा असा त्रास झालेला बैल पुढल्या वेळी तोंडाला हात लावू देत नाही. मग लोक म्हणतात, बैल मारका आहे. त्याला मारका कोणी केले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

बोथट कानशीचा आणखी एक दुष्परिणाम आहे. कड नीट उतरत नाही म्हणून काम करणारा सबंध दाढेवरून कानस फिरवू लागतो. जात्याची तळी गुळगुळीत झाली म्हणजे त्याला टाकी लावून घ्यावी लागते, कारण खडबडीतपणावाचून दाणा भरडत नाही. दाढेचेही तसेच आहे. तिची चावण्याची बाजू खडबडीतच राहिली पाहिजे. फक्त बाहेरची किंवा आतली टोचणारी कड तेवढी काढावयाची असते. सबंध दाढ गुळगुळीत केली तर उपचारानंतर जनावर पूर्वीपेक्षाही वाईट चावते.

धुणे, वाळविणे आणि खारे पाणी

हत्यार बोथट होण्याचे कारण नेहमीच अतिवापर हे नसते. वऱ्हाडात तरी वापरापेक्षा गंजानेच अधिक पाती वाया जातात, असे मानण्यास पुरेसे कारण आहे. काम आटोपल्यावर कानशीच्या दातांत लाळ, दाढेची भुकटी व रक्त अडकून राहते. ते वाळले म्हणजे सिमेंटसारखे बसते आणि त्याखाली ओल धरून गंज चढतो. म्हणून कानस वापरताच पाण्यात बुडवावी, ताठ केसांच्या ब्रशाने दातांच्या रेषेच्या दिशेने घासावी, मग जंतुनाशक द्रावणात ठेवावी, स्वच्छ पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळवावी. मळ निघाल्यावाचून जंतुनाशकाचा उपयोग होत नाही, हा क्रम विसरता कामा नये.

या ठिकाणी पूर्णा नदीच्या खोऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात येतात. तेथील विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने शेवटचा हात धुतलेली कानस न पुसता पेटीत ठेवली, तर क्षार पात्यावर बसतात आणि गंजास आमंत्रण मिळते. पाणी उकळल्याने क्षार जात नाहीत; उलट पाणी आटून ते अधिक दाट होतात. म्हणून या पट्ट्यात शेवटचे धुणे गोड्या पाण्याने, म्हणजे नळयोजनेच्या, साठवलेल्या पावसाच्या अथवा दवाखान्यातील शुद्ध पाण्याने करावे. एका कानशीला दोन लोटे पाणी पुरते. मेळघाटच्या बाजूला अडचण निराळी आहे. तेथे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की नुसते पुसून भागत नाही. हत्यार उन्हात अथवा उबेस वाळवूनच पेटीत घालावे लागते.

पुष्कळ ठिकाणी घरातील जवस वा करडईचे तेल लावण्याची पद्धत आहे. ती सोडावी. ही तेले हवेत वाळून चिकट होतात आणि कानशीच्या दातांत राळेसारखी बसतात. दवाखान्यात उपलब्ध असणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात पुरेसा आहे. पुढील वापरापूर्वी तो धुऊन काढावा, कारण हे हत्यार जनावराच्या तोंडात जावयाचे असते.

ब्लीचिंगचे पाणी स्वस्त व परिचित असले तरी पोलादाला ते खाते, आणि टंगस्टन कार्बाइडच्या पात्यांनाही अपाय करते. क्लोरहेक्झिडीनचे द्रावण त्या मानाने सौम्य असते. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर मात्र धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण, म्हणजे एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम सोडा, उपयोगी पडते. या द्रावणात हत्यार निदान दहा मिनिटे बुडून राहिले पाहिजे. अॅल्युमिनियमचा दांडा असल्यास तो सोड्यात ठेवू नये. पाती काढून तेवढीच बुडवावी.

हा केवळ हत्यार टिकविण्याचा प्रश्न नाही. लाळ्या-खुरकुताची बाधा झालेल्या जनावराच्या लाळेत विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच असू शकतो. एखाद्या शिबिरात एकच कानस एकामागून एक वीस बैलांच्या तोंडात फिरली आणि मध्ये फक्त बादलीत बुचकळली गेली, तर ते शिबिर उपचाराचे न राहता रोगप्रसाराचे साधन होते. शिबिरात किमान दोन कानशी असाव्यात. एक कामात असताना दुसरी द्रावणात राहील, आणि एका जनावराची कानस न धुता दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही.

धार कोणी व कशी लावावी

सर्वच हत्यारांना धार लावता येत नाही. पोलादी कानशीचे दात एकदा झिजले म्हणजे गावात ते पुन्हा काढता येत नाहीत. तिच्यावर दगड घासल्याने ती आणखी बोथट होते. अशी पाती बदलावयाची असते. कार्बाइडचे बारीक खडे बसविलेली पातीही झिजल्यावर बदलावीच लागते. सबंध कार्बाइडची पाती मात्र हिऱ्याच्या चाकावर पुन्हा धारदार करून घेता येते. ते काम उत्पादकाकडे किंवा त्याच्या जाणकाराकडे पाठवावे. कार्बाइड फार कठीण पण ठिसूळ असते. भुकटी झाडण्यासाठी कानस बादलीच्या काठावर आपटण्याची सवय त्याला घातक आहे. दोन पाती एकमेकांवर घासतील अशी ठेवणेही वाईट. प्रत्येकीला कापडाचा किंवा कातड्याचा वेगळा कप्पा असावा.

पाती बसविताना दिशा पाहावी. कानशीचे दात एकाच बाजूस झुकलेले असतात. त्यामुळे ती कशी बसविली यावर ती ढकलताना कापेल की ओढताना कापेल, हे ठरते. पाती उलटी बसल्यामुळे धारदार कानसही बोथट वाटू शकते.

छिन्नीला धार लावता येते. तिचा मूळचा उतार कायम ठेवून, तेलाचे दोन थेंब टाकलेल्या बारीक दगडावर ती सारख्या दाबाने फिरवावी आणि पाठीमागे उठलेला लोखंडाचा बारीक काठ दुसऱ्या बाजूने हलकेच काढावा. विजेच्या सहाणेवर छिन्नी धरू नये. पोलाद तापून निळसर झाले की त्याचे पाणी उतरते आणि मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. गावच्या लोहाराला ही गोष्ट पक्की ठाऊक असते, हे येथे सांगितले पाहिजे.

पाती बोथट झाली की नाही, हे ओळखणे अवघड नाही. ती उजेडात तिरपी धरावी. तीक्ष्ण दातांची टोके चमकत नाहीत. झिजलेल्या टोकांवर प्रकाशाचा ठिपका दिसतो. वाळलेल्या शिंगाच्या तुकड्यावर हलक्या हाताने ओढून पाहावे. चांगली पाती लगेच भुकटी काढते, बोथट पाती सरकून जाते. माउथ गॅगची बिजागरी, पेच आणि चामडी पट्टे याच वेळी तपासावेत. कामाच्या मध्येच गॅग निसटला तर बोटे बैलाच्या दाढांत सापडतात.

जबाबदारी कोणाची

एवढे सारे ज्ञान दुर्मिळ नाही. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, आणि स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही तेथेच आहे. पशुवैद्यकाला हत्यारांची निगा ठाऊक नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. उणीव ज्ञानाची नसून व्यवस्थेची आहे. दवाखान्यातील कानस सर्वांची असते, म्हणून ती कोणाचीच नसते.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत कानशीची नोंद ‘एक नग’ अशी होते. पाती झिजून गुळगुळीत झाली तरी नग एकच राहतो. मोडलेली वस्तू निर्लेखित करणे सोपे असते, कारण मोड दिसते. बोथट कानस मोडलेली नसते. तपासणीच्या दिवशी ती टेबलावर हजर असते, मोजली जाते आणि पुन्हा पेटीत जाते. कागदावर साधन आहे आणि प्रत्यक्षात उपचार नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून नोंदवहीत कानशीचा दांडा व पाती यांची नोंद वेगळी असावी, आणि पाती ही औषधाप्रमाणे संपणारी वस्तू मानली जावी. झिजलेली पाती परत केली म्हणजे नवी मिळावी. ती का झिजली याचा खुलासा मागितला जाऊ नये. खुलाशाच्या भीतीने बोथट पाती वापरीत राहणे हे बैलाच्या जिवावर केलेली काटकसर होय.

काहीजण म्हणतील, दाढांचे रोगी महिन्याकाठी दोन-चार येतात. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? परंतु वापर कमी आहे म्हणूनच निगा अधिक हवी. रोज वापरातील सुई रोज पाहिली जाते. सहा महिन्यांनी उघडलेल्या पेटीत काय असेल, याची खात्री कोणास देता येत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. एका दवाखान्याकडे अनेक गावे असतात, लसीकरण असते, कृत्रिम रेतन असते. आक्षेप खरा आहे. पण कानस धुऊन वाळविण्यास लागणारी दहा मिनिटे वाचवून बोथट पात्याने प्रत्येक बैलामागे दहा मिनिटे अधिक घालविणे, यात वेळेची बचत कोणती?

वर्षातून दोनदा या पेटीची तपासणी व्हावी : एकदा वैशाखात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुमारास. तपासणी करणाऱ्याचे नाव व तारीख पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहिलेली असावी. नाव लिहिले म्हणजे जबाबदारी आपोआप येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने कानस हाती घ्यावयाची नाही, पण त्याचे काम त्यामुळे कमी होत नाही. चारा टाकणाऱ्या, खंगत चाललेल्या जनावरांची यादी मृगापूर्वी करणे, शिबिराच्या जागी मजबूत खोडा, दोन बादल्या, गोडे पाणी, सोडा, ब्रश आणि कोरडे कापड यांची तजवीज करणे, या गोष्टी तोच करू शकतो. ही तयारी आयत्या वेळी करावयास निघणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, अशातला प्रकार होईल.

शेतकऱ्याचाही यात हक्काचा वाटा आहे. बैलाच्या तोंडात कानस जाण्यापूर्वी ती धुतली आहे काय, पाती केव्हा बदलली, असे त्याने नम्रपणे विचारावे. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. चांगल्या पशुवैद्यकास असा प्रश्न आवडेल, कारण नवी पाती मागताना त्याच्या मागणीस शेतकऱ्यांचे पाठबळ मिळेल. बैल शेतकऱ्याचा आहे, मेहनत त्याची आहे, आणि बोथट हत्याराने झालेले नुकसानही शेवटी त्यालाच सोसावे लागते. म्हणून पुढील वैशाखात दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक दवाखान्यात ही पेटी उघडली जावी, गुळगुळीत पाती बाजूला काढली जावी आणि तिच्या जागी नवी बसावी, एवढी अपेक्षा करणे मुळीच अवास्तव नाही.